आधी खोली मोजा, मग लेन्स घ्या

गिरगावातल्या चाळीत मावसबहिणीचा साखरपुडा होता. खोली दहा बाय बाराची, माणसं पंचवीसेक. माझ्याकडे नवीकोरी फुल-फ्रेम बॉडी (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) आणि तिच्यावर ८५ एमएमची एकुलती एक लेन्स, कारण माणसांचे फोटो काढायचे तर ८५च घे, असं जो तो सांगत होता. अंगठी घालतानाचे दोघांचे चेहरे त्या लेन्सने फार सुंदर टिपले. मग मावशी म्हणाली, "आता घरच्यांचा एक काढ रे." मी भिंतीला पाठ लावली, मग दारात गेलो, मग बाहेर गॅलरीत कठड्याला टेकून उभा राहिलो. तरी आजीचा अर्धा खांदा चौकटीबाहेरच. शेवटी तो फोटो कुणाच्या तरी मोबाइलवर निघाला. आजीबरोबरचा आम्हा सगळ्यांचा तो शेवटचा फोटो.

तेव्हापासून नवा कॅमेरा घेतलेलं कुणी लेन्सबद्दल विचारायला आलं, की मी आधी विचारतो, तुमचं घर केवढं आहे? मुंबईत लेन्स निवडताना पहिला प्रश्न जागेचा असतो. नाव, कंपनी, पार्श्वभूमी किती धूसर होते, हे सगळं त्यानंतर. बजेट बेताचं असेल तर हा क्रम जास्तच सांभाळायला हवा, कारण चुकीची लेन्स विकताना बरेच पैसे बुडतात.

पहिलं काम: टेप काढा

फुल-फ्रेम सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पट्टी, ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. या ३६वर एक सोपा हिशेब बसतो. चौकटीत जेवढ्या फुटांची रुंदी हवी, तिला लेन्सच्या फोकल लेंग्थने, म्हणजे तिच्यावरच्या एमएमच्या आकड्याने, गुणा आणि ३६ने भागा. जो आकडा येईल, साधारण तेवढे फूट लांब उभं राहावं लागेल. अगदी हातभर अंतरावरच्या वस्तूंना हा हिशेब नीट लागू पडत नाही, माणसांच्या फोटोंना मात्र चांगला चालतो.

पाच-सहा माणसं शेजारी शेजारी उभी राहिली आणि दोन्ही बाजूंना थोडी मोकळी जागा ठेवली, तर ९ फूट रुंदी लागते. नऊला ३६ने भागलं की पाव. म्हणजे घरच्यांच्या फोटोसाठी लागणारं अंतर, फोकल लेंग्थच्या आकड्याच्या पाव एवढे फूट. २४ एमएमला ६ फूट, २८ला ७, ३५ला पावणेनऊ, ५०ला साडेबारा आणि ८५ला सव्वाएकवीस. आता आपल्या खोलीची लांबी घ्या. बारा फुटांतले दोन फूट माणसं आणि त्यांच्या मागचं सामान खातं, दीड फूट तुम्ही स्वतः. उरले साडेआठ. ३५ एमएमला पाव फूट कमी पडतो, माणसं जरा चिकटून उभी राहिली तर ती जेमतेम बसते, २८ आरामात, ५० बसतच नाही.

कॅमेरा उभा धरून एका माणसाचा डोक्यापासून पायापर्यंत फोटो घ्यायचा तर साडेसहा फूट उंची धरा. ५०ला ९ फूट लागतील, ३५ला सव्वासहा, ८५ला पंधरा. फक्त चेहरा आणि खांदे, म्हणजे दोनेक फूट, तर ८५ एमएम पावणेपाच फुटांवरून घेते. छोट्या खोलीतही ते जमतं. अंगठीचे फोटो मला मिळाले ते म्हणूनच. तोच चेहरा तेवढाच मोठा ५०ने घ्यायला गेलात तर तीन फुटांच्या आत शिरावं लागतं. इतक्या जवळून नाक मोठं आणि कान मागे गेल्यासारखे दिसतात. हा दोष लेन्सचा नसतो, अंतराचा असतो.

तेव्हा घरातली सगळ्यात मोठी खोली, सोसायटीचा हॉल आणि जिथे तुम्ही नेहमी फोटो काढता ती एखादी जागा मोजून वहीत लिहून ठेवा. पावलांनी मोजलंत तरी चालेल.

मोबाइलवर पैसे न घालता चाचणी

बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा, म्हणजे स्क्रीनवरचा १ एक्स, फुल-फ्रेमच्या २४ ते २६ एमएमएवढं दाखवतो. २ एक्स म्हणजे जवळपास ५०, आणि दीड एक्स सुमारे ३५ ते ४०. एक रविवार फक्त दीड एक्सवर काढा, पुढचा फक्त २ एक्सवर. झूमला हात लावायचा नाही. दादरच्या फुलबाजारात सकाळी सहाला जा, संध्याकाळी शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसा, घरी आईचा स्वयंपाक चाललेला असताना ओट्याशी उभे राहा. कुठे मागे सरकावंसं वाटलं आणि कुठे पुढे, हे दोन रविवारांत कळतं. पार्श्वभूमी किती धूसर होईल हे मोबाइल सांगणार नाही, पण चौकटीत काय मावतं ते बरोबर सांगेल.

घरातला प्रकाश

जागेनंतर प्रकाश. मुंबईतली बरीच घरं दिवसाही ट्यूबलाइट लावून बसतात, कारण समोरची इमारत खिडकीला चिकटलेली असते. बॉडीबरोबर येणाऱ्या किट झूमचं अ‍ॅपर्चर (प्रकाश आत घेणारं भोक) लांबच्या टोकाला साधारण एफ/५.६ किंवा त्याहून लहान होतं. एफपुढचा आकडा जितका मोठा, तितकं भोक लहान. एफ/१.८ची लेन्स त्याच्या जवळपास दहापट प्रकाश आत घेते. म्हणजे ट्यूबलाइटमध्ये एफ/१.८ला आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनक्षमता) ३२०० आणि शटर १/१०० सेकंद जमत असेल, तर एफ/५.६ला त्याच शटरसाठी आयएसओ तीस हजारांच्या वर न्यावा लागतो. फोटो निघेल, पण चेहऱ्यावर रवा सांडल्यासारखे दाणे दिसतील. बॉडीत स्टॅबिलायझेशन असलं तरी ते फक्त तुमचा हात सावरतं, धावणारं पोर थांबवत नाही.

जाता जाता एक: आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. फोटोत आडवे काळसर पट्टे आले तर लेन्सला दोष देऊ नका. इलेक्ट्रॉनिक शटर बंद करा आणि शटर १/५० किंवा १/१०० ठेवा.

बॉडीबरोबर काय आलंय ते पाहा

सोनीबरोबर २८-६० किंवा २८-७०, कॅननबरोबर २४-५० किंवा २४-१०५ एफ/४-७.१, निकॉनबरोबर २४-५० अशी एखादी किट लेन्स बहुतेक वेळा येते. या लेन्सना उगाच नावं ठेवली जातात. उजेडात त्या चांगलं काम करतात, वजनाला हलक्या असतात, आणि २४ किंवा २८चं रुंद टोक त्यांच्यात आधीच असतं. घरच्यांचा फोटो, मरीन ड्राइव्ह, कान्हेरीच्या गुंफांची दारं हे सगळं त्यांच्यात बसतं. किट असेल तर ती विकू नका. तिच्याबरोबर कमी प्रकाशात चालणारी एकच प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या. बॉडी अजून घ्यायची असेल आणि किटसकट थोड्याच जास्त पैशांत मिळत असेल, तर किटसकटच घ्या.

माउंट आणि सारखी दिसणारी नावं

माउंट म्हणजे लेन्स बॉडीवर बसते ती कडी. सेकंडहँड बाजारात सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते इथे. लेन्स बॉडीवर बसली म्हणजे ती फुल-फ्रेमची असतेच असं नाही. छोट्या सेन्सरची लेन्स लावली की कॅमेरा मधला तुकडाच वापरतो, आणि २४ मेगापिक्सेलचे सुमारे १० उरतात. फुल-फ्रेमसाठी मोजलेले पैसे तिथेच गेले.

सोनीत 'एफई' लिहिलेली लेन्स फुल-फ्रेमची, नुसतं 'ई' लिहिलेली छोट्या सेन्सरची. ५० एमएम एफ/१.८ दोन्हींत मिळते, आणि विकणाऱ्यालाही कधी कधी फरक माहीत नसतो. निकॉनमध्ये 'डीएक्स' दिसलं की थांबा. जुन्या ३५ एमएम एफ/१.८जी लेन्सची डीएक्स आवृत्ती बाजारात भरपूर फिरते आणि स्वस्त वाटते, पण फुल-फ्रेमची ३५ वेगळी आणि महाग आहे. कॅननमध्ये 'आरएफ-एस' आणि जुन्यातली 'ईएफ-एस' टाळा.

जुन्या डीएसएलआर (आत आरसा असलेल्या) कॅमेऱ्यांच्या लेन्स अ‍ॅडॉप्टरने लावायचा मार्ग बजेटवाल्यांसाठी खरंच चांगला आहे, विशेषतः कॅननवाल्यांसाठी. १९८७ पासूनच्या ईएफ लेन्स कॅननच्या अ‍ॅडॉप्टरने आरएफ माउंटच्या नव्या मिररलेस बॉडीवर ऑटोफोकससकट चालतात. आरएफ माउंटच्या फुल-फ्रेमसाठी सिग्मा आणि टॅमरॉनच्या ऑटोफोकस लेन्स बराच काळ मिळतच नव्हत्या, त्यामुळे सेकंडहँड ईएफ हा चांगला स्वस्त रस्ता. ३५ एमएम एफ/२ आयएस, ४० एमएम एफ/२.८ची चपटी लेन्स, ८५ एमएम एफ/१.८ ही शोधायची नावं. निकॉनच्या एफटीझेड अ‍ॅडॉप्टरवर 'एएफ-एस' लेन्स ऑटोफोकस करतात, पण 'एएफ-डी' करत नाहीत. त्यांच्यात मोटर नसते आणि अ‍ॅडॉप्टरमध्येही नाही. हाताने फोकस करायची तयारी असेल तरच त्या घ्या.

पहिली लेन्स कोणती?

किट असेल आणि वीस-पंचवीस हजारच उरले असतील, तर निकॉनवाल्यांनी ४० एमएम एफ/२ घ्यावी. १७० ग्रॅम वजन, आणि घरातही ५०पेक्षा जरा सैल. कॅननची आरएफ ५० एफ/१.८ फक्त १६० ग्रॅमची आहे आणि एक फुटापर्यंत जवळ फोकस करते, त्यामुळे ताटातला मोदकही तिच्यात छान येतो. सोनीची एफई ५० एफ/१.८ स्वस्त आणि शार्प आहे. तिचा फोकस मात्र थोडा आवाज करतो आणि दीड फुटाच्या आत येत नाही. कॅननची ५० एफ/१.२ बघून मन चळतं, तिची किंमत लाखांत जाते आणि वजन ९५० ग्रॅम. विरारच्या लोकलमध्ये ती खांद्यावर घेऊन बघा, म्हणजे १६० ग्रॅमची किंमत कळेल.

किट नसेल आणि एकाच लेन्सवर सगळं भागवायचं असेल, तर माझं मत ३५ एमएमच्या बाजूने आहे. बहुतेक जण ५० सुचवतात, कारण ती सगळ्यात स्वस्त असते आणि माणसाच्या नजरेसारखी दिसते असं म्हणतात. पण मोकळ्या घरात राहणाऱ्याची नजर आणि आपल्या वन रूम किचनमधली नजर सारखी नसते. ३५ थोडी महाग पडते हे खरं. सोनी आणि निकॉनसाठी व्हिलट्रॉक्सची ३५ एफ/१.८ आणि सोनीसाठी सॅमयांगची ३५ हे त्यातले बरे पर्याय, कॅननवाल्यांसाठी सेकंडहँड ईएफ. निकॉनची २८ एमएम एफ/२.८ आणि कॅननची आरएफ २८ एफ/२.८ खिशात मावतील एवढ्या आहेत. घर फारच लहान असेल तर त्याच घ्या.

बजेट थोडं ताणता येत असेल आणि लग्नं, बारसं, गणपती असं सगळं काढायचं असेल, तर टॅमरॉनची २८-७५ एफ/२.८ पाहा. २०१८ची पहिली आवृत्ती सोनीसाठी सेकंडहँड मिळते, दुसरी २०२१ची. सिग्माची २८-७० एफ/२.८ आणखी हलकी, ४७० ग्रॅमची. गणेशोत्सवात ही झूम सोन्यासारखी उपयोगी पडते. लालबागच्या गर्दीत, गुलाल उडत असताना लेन्स बदलायला माउंट उघडणं म्हणजे सेन्सरवर गुलाल घेणं. त्या दहा दिवसांत घरून निघताना जी लेन्स लावाल, तीच घेऊन परत या.

सगळे पैसे लेन्समध्ये घालू नका. एक जास्तीची बॅटरी, एक चांगलं कार्ड आणि लेन्स ठेवायचा कोरडा डबा, एवढ्यांचे पैसे आधी बाजूला काढा.

बाजारात

सीएसएमटीहून उतरलं की फोर्टातली बोरा बझार स्ट्रीट चालत पाच मिनिटांवर आहे. नवे-जुने कॅमेरे, लेन्स आणि दुरुस्ती सगळं तिथे एका गल्लीत मिळतं. कामाच्या दिवशी दुपारी जेवणाआधी जा. दुकानदाराला वेळ असतो आणि उजेडही चांगला असतो. स्वतःची बॉडी, चार्ज केलेली बॅटरी, रिकामं कार्ड आणि छोटी टॉर्च बरोबर न्या.

नवी लेन्स घेताना दोन भाव सांगितले जातात, बिलासकट आणि बिलाशिवाय. बिलाशिवायचा स्वस्त माल बऱ्याचदा परस्पर बाहेरून आणलेला असतो आणि त्याला भारतातली वॉरंटी नसते. बिल घ्या, आणि खोक्यावरचा, लेन्सवरचा आणि बिलावरचा सीरियल नंबर तिथेच जुळवा.

सेकंडहँड लेन्स बघायला घाई नको. दोन्ही बाजूंची झाकणं काढा. मागच्या बाजूने टॉर्च तिरकी धरा आणि पुढून काचेत बघा, मग उलट करा. चार-दोन धुळीचे कण सगळ्याच लेन्समध्ये असतात, त्यांची काळजी नको. शोधायची ती बुरशी. काचेच्या कडेकडून आत सरकणारे बारीक पांढरे धागे, पिंपळाच्या पानाच्या जाळीसारखे किंवा कोळ्याच्या जाळ्यासारखे. सरळ बघितलं तर दिसत नाहीत. टॉर्च जराशी हलवली की एका क्षणी उजळतात. काच सगळीकडून सारखीच दुधाळ दिसली तर ते धुकं, त्याने फोटोतला काळा रंग करडा होतो. बुरशी साफ करून मिळते, पण कोटिंग खाल्लं गेलं असेल तर डाग राहतो. दादर स्टेशनच्या पुलावर ऐन जुलैत मी एकदा घाईत ५० एमएम घेतली होती. प्लॅटफॉर्मच्या उजेडात ती स्वच्छ दिसली. घरी टॉर्च लावली तेव्हा कडेला नखाएवढी जाळी निघाली, आणि विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

मग माउंटकडचे स्क्रू पाहा. त्यांची डोकी खरवडलेली असतील तर लेन्स कुणीतरी उघडलेली आहे. झूम रिंग फिरवताना खरखर किंवा मधे अडकणं नको. नंतर लेन्स बॉडीवर लावून दुकानाच्या दारात या. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांची रांग चौकटीत सरळ धरा, अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा आणि फोटो घ्या. स्क्रीनवर चारही कोपरे मोठे करून पाहा. चारही कोपरे थोडे मऊ असतील तर चालेल, तो त्या लेन्सचा स्वभाव. तीन चांगले आणि एकच पार पुसट असेल तर आतली काच सरकलेली आहे, बहुतेक लेन्स पडलेली असावी. भाव कितीही उतरवला तरी ती परत द्या.

दुसरी लेन्स तीन महिन्यांनी

निदान तीन महिने पहिल्या लेन्सवर काढा. मग संगणकावर लाइटरूममध्ये किंवा मोफत मिळणाऱ्या डिजिकॅम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या आवडत्या शंभर फोटोंची फोकल लेंग्थ बघा. किट झूमवर बहुतेक फोटो २८ला अडकलेले असतील तर तुम्हाला आणखी रुंद हवं आहे. ७०ला अडकलेले असतील तर ८५ एफ/१.८ ही पुढची लेन्स. आवडते फोटो सगळेच संध्याकाळनंतरचे असतील, तर लांबी तीच ठेवून फक्त जास्त उघडणारी लेन्स घ्या.

ज्याची गरज वर्षातून दोनदा पडते ते विकत घेऊ नका, भाड्याने आणा. शिवडी आणि ऐरोलीच्या खाडीत रोहित पक्षी येतात ते बघून अनेक जण पहिलीच लेन्स ७०-३०० घेतात. हिशेब करा. शंभर फुटांवर ३०० एमएमची चौकट १२ फूट रुंद होते, त्यात एक रोहित केवढासा दिसेल. हवेत थवा उठला की मात्र तीच चौकट छान भरते, म्हणून आधी एका दिवसासाठी आणून बघा. मुंबईत दिवसाच्या भाड्यावर लेन्स देणारे बरेच आहेत. आधार कार्ड आणि अनामत लागते. गणपतीत आणि लग्नसराईत आठ-दहा दिवस आधी सांगून ठेवा, आणि घेताना दुकानातच वरची टॉर्चची तपासणी करा. आधीचा ओरखडा नंतर तुमच्या नावावर नको.

पावसाळ्याआधी

मुंबईत लेन्स पडून फुटण्यापेक्षा कपाटात खराब होण्याचीच भीती जास्त. जून ते सप्टेंबर हवा इतकी ओली असते की कॅमेऱ्याच्या बॅगेच्या फोमलाच वास येतो. त्या बॅगेत लेन्स साठवू नका, चामडी खोळीत तर नाहीच. स्वयंपाकघरात असतो तसा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्या, त्यात सिलिका जेलच्या दोन-तीन पुड्या आणि एक छोटा आर्द्रतामापक ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांच्या मधे असावा. ३०च्या खाली फार दिवस नको. रंग बदलणारं जेल घ्या. रंग पालटला की ते जुन्या भांड्यात मंद आचेवर तापवून परत वापरता येतं. ते भांडं पुन्हा खाण्याला वापरू नका. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका. लेन्स तीन-चार झाल्या की विजेवर चालणारी ड्राय कॅबिनेट घ्यायला हरकत नाही, तोवर डबा पुरतो.

एसीतून एकदम बाहेरच्या दमटपणात आलात की काचेवर वाफ धरते. कॅमेरा बॅगेतच बंद ठेवून वीसेक मिनिटं थांबा. भिजून आलात तर आधी कोरड्या फडक्याने टिपा, लेन्स काढू नका, आणि पंख्याखाली पूर्ण सुकल्यावरच डब्यात ठेवा. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी लेन्स बाहेर काढा, थोडे फोटो घ्या, आणि डब्यात परत ठेवण्याआधी तीच छोटी टॉर्च तिरकी धरून काचेच्या कडा एकदा बघून घ्या.